‘पुढील आदेशापर्यंत’: एका नगरपरिषदेच्या श्वान केंद्रातील अडकलेले पिंजरे

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेच्या श्वान निर्बीजीकरण व लसीकरण केंद्रात २०२५ च्या आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत जे घडले, त्याची ही नोंद आहे. केंद्राच्या नोंदवह्या, निघालेले आदेश आणि संबंधितांशी झालेले बोलणे यांवर ती आधारलेली असून शहराची व व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत.

हे केंद्र शहराच्या जुन्या कोंडवाड्याच्या जागेत, कचरा डेपोकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मोकाट गुरांसाठी बांधलेल्या दगडी भिंतींच्या आत पत्र्याचे छत घालून ३० पिंजरे, एक शस्त्रक्रियेची खोली आणि एक पाण्याची टाकी अशी सोय करण्यात आली. कंत्राटी पशुवैद्यक, त्यांचा एक सहायक, कुत्री पकडणारे चार कामगार आणि रात्रीचा चौकीदार एवढ्या माणसांवर केंद्र चालते आणि देखरेख स्वच्छता निरीक्षकाकडे असते. लोकनियुक्त मंडळाची मुदत संपून गेली असल्यामुळे मुख्याधिकारीच प्रशासक होते. त्यामुळे एरवी नगरसेवकाच्या ओसरीवर मिटणारी तक्रार थेट मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात येऊन धडकत असे, आणि या प्रकरणात त्याला बरेच महत्त्व आहे.

प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० खाली २०२३ साली नवे प्राणी जन्म नियंत्रण नियम आले. त्यांनुसार भटकी कुत्री पकडून त्यांची नसबंदी करणे, रेबीजची लस टोचणे, ओळखीसाठी कानाला काप देणे आणि जिथून पकडले तिथेच परत सोडणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. या केंद्रात कुत्रे पहिल्या दिवशी आणून उपाशी ठेवले जाई, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होई आणि पुढचे चार दिवस जखमेवर लक्ष ठेवून त्याला सोडले जाई. एका कुत्र्यामागे सहा दिवस पिंजरा अडतो, म्हणजे ३० पिंजऱ्यांत रोज पाच शस्त्रक्रिया बसतात. संपूर्ण केंद्र या साध्या हिशेबावर चालत होते, पण तो हिशेब कोणत्याही कागदावर लिहिलेला नव्हता. तो पशुवैद्यकाच्या डोक्यात होता.

घटना आणि पहिला आदेश

आषाढात मटण-चिकनच्या दुकानांच्या गल्लीत शिकवणीहून परतणाऱ्या एका मुलाच्या पिंढरीचा कुत्र्याने लचका तोडला. उपजिल्हा रुग्णालयात लस मिळाली, परंतु खोल जखमेसाठी लागणारे इम्युनोग्लोब्युलिन, ज्याला लोक ‘सिरम’ म्हणतात, त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागले. दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेवर मोर्चा आला. निवेदनातील मागणी एकच होती: या भागातील सगळी कुत्री उचला आणि परत सोडू नका.

चावलेले कुत्रे नेमके कोणते, हे कोणालाच सांगता आले नाही. एक जण काळे म्हणे, दुसरा तांबडे म्हणे. अशा वेळी खरे तर मुलाच्या घरच्यांना आणि शेजारच्या दुकानदाराला सोबत घेऊन ओळख पटवायला हवी होती, कारण चावलेले कुत्रे दहा दिवस नजरेखाली ठेवले तर त्याला रेबीज होता की नाही याचा उलगडा होतो आणि डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो. तसे झाले नाही. मोर्चा दारात असताना मुख्याधिकाऱ्यांनी गल्लीतील आणि लगतच्या दोन वस्त्यांतील कुत्री पकडून ‘पुढील आदेशापर्यंत केंद्रातच ठेवावीत’ असा लेखी आदेश काढला. आठवड्याभरात १८ कुत्री आली.

या १८ पैकी ११ कुत्र्यांच्या कानाला काप होता. म्हणजे ती याच केंद्रात पूर्वी नसबंदी व लसीकरण होऊन गेलेली होती. आवक नोंदवहीच्या त्या पानावर आजही ‘कानास काप आहे’ हा शेरा अकरा ओळींपुढे दिसतो, आणि ‘सोडल्याचे ठिकाण व दिनांक’ हा शेवटचा रकाना सर्व अठरा ओळींपुढे कोरा आहे. त्या आठवड्यात हे पान मुख्याधिकाऱ्यांसमोर कोणी ठेवले नाही. स्वच्छता निरीक्षकाला ते आपले काम वाटले नाही, आणि कंत्राटावरील पशुवैद्यकाला आदेशाविरुद्ध टिपणी लिहिण्याचा धीर झाला नाही. मुदतवाढ ज्यांच्या सहीने मिळायची त्यांच्याच आदेशाला हरकत घेणे सोपे नसते, हे मान्य करूनही ही गफलत मोठी होती असे म्हणावे लागते.

केंद्रात काय घडत गेले

अठरा पिंजरे कायमचे अडल्यावर उरलेल्या बारात रोज दोनच शस्त्रक्रिया बसू लागल्या. पाचाचे दोन झाले ते नेमके नको त्या महिन्यांत. कुत्र्यांचा माज भाद्रपदाच्या सुमारास भराला येतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, आणि गर्भकाळ साधारण दोन महिन्यांचा असल्यामुळे त्यानंतरची पिल्ले दिवाळीपासून मार्गशीर्षापर्यंत रस्त्यावर दिसू लागतात. म्हणून आषाढ-श्रावण हे निर्बीजीकरणाच्या कामाचे सुगीचे दिवस. केंद्राने ते दिवस आधीच नसबंदी झालेल्या कुत्र्यांना भात घालण्यात घालवले.

दुसरी अडचण रोगाची होती. केंद्राच्या अंदाजपत्रकात रेबीजच्या लसीची तरतूद होती, पण डिस्टेम्पर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगांवरील एकत्रित लसीची नव्हती. सहा दिवसांत कुत्रे बाहेर पडत असे तोवर ही उणीव झाकली जात होती. डिस्टेम्परची लक्षणे दिसायला एक ते चार आठवडे लागू शकतात, आणि आता कुत्री तेवढा काळ एका छताखाली राहू लागली होती. श्रावणात पहिल्या कुत्र्याच्या डोळ्यांना पू आला, नाक वाहू लागले आणि मागच्या पायांना झटके येऊ लागले. पिंजऱ्यांमधील पत्रा जमिनीपासून वीतभर वर असल्यामुळे एका पिंजऱ्याचे धुण्याचे पाणी दुसऱ्यात जात होते. शहराला आठवड्यातून एकदा नळाला पाणी येते आणि केंद्राची भिस्त टँकरवर आहे. टँकर चुकला की धुणे चुकत असे. चार कुत्री दगावली.

कामगारांची अवस्था वेगळीच होती. पकडणारी गाडी वस्तीत गेली की लोक विचारू लागले, ‘आमची कधी उचलता?’ मटणाच्या गल्लीतील कुत्री कायमची गेली तर आमच्या गल्लीतली का नाहीत, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

त्यातच ११ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व लगतच्या शहरांतील भटकी कुत्री पकडून निवाऱ्यातच ठेवण्याचा आदेश दिला. तो आदेश या शहराला लागू नव्हता, तरी व्हॉट्सॲपवर फिरताना त्यातले ‘दिल्ली’ गळून पडले. २२ ऑगस्टला न्यायालयाच्या मोठ्या पीठाने त्यात बदल केला: नसबंदी, लस आणि जंताचे औषध झालेली कुत्री त्याच भागात परत सोडावीत, रेबीजग्रस्त, संशयित किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत, आणि खाऊ घालण्यासाठी प्रत्येक प्रभागात ठरावीक जागा असाव्यात. हा विषय त्याच वेळी सर्व राज्यांपर्यंत नेण्यात आला. केंद्रापुढच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या आदेशात होते, कारण ‘सोडता येणार नाही’ आणि ‘सोडलेच पाहिजे’ यांच्यातील रेघ त्याने आखून दिली.

पुढ्यात असलेले पर्याय

ऑगस्टअखेर मुख्याधिकाऱ्यांनी बैठक घेतली. पशुवैद्यकाने प्रथमच पिंजऱ्यांचा हिशेब कागदावर मांडला. चर्चेत चार वाटा पुढे आल्या.

पहिली, आणखी पिंजरे बांधण्याची. लोकांना दाखवायला ती सर्वांत सोपी होती, कारण बांधकाम डोळ्यांना दिसते. पण आत येणाऱ्या कुत्र्याला बाहेर जाण्याची वाट नसेल तर तीसच्या जागी साठ पिंजरेही काही महिन्यांत भरतात. शिवाय पाणी आणि माणसे तेवढीच राहणार होती.

दुसरी वाट बैठकीच्या इतिवृत्तात नाही, पण ती बोलली गेली. रात्री गाडी भरायची आणि हद्दीबाहेर, घाटाकडे किंवा एखाद्या धाब्यापाशी सोडून यायचे. आजवर अनेक गावांनी एकमेकांच्या शिवारात कुत्री अशीच ढकलली आहेत. हे नियमबाह्य तर आहेच, शिवाय अनोळखी मुलखात सोडलेले कुत्रे भुकेले आणि बिथरलेले असते आणि ज्या गावाने ते मागितले नाही तिथे ते चावते. मुख्याधिकाऱ्यांनी हा विषय दोन वाक्यांत संपवला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

तिसरी, कुत्री एखाद्या प्राणिप्रेमी संस्थेकडे सोपवण्याची. विचारणा झाली, परंतु जवळच्या संस्थांकडे जागा नव्हती.

चौथी, कुत्र्यांची वर्गवारी करून जी सोडण्याजोगी आहेत ती वस्तीला विश्वासात घेऊन परत सोडण्याची. यात धोका असा होता की, परत सोडलेल्या कुत्र्याने पुन्हा कोणाला चावा घेतला तर त्याचे खापर सहीनिशी प्रशासनावर फुटणार होते.

चौथी वाट ठरली. मात्र गणेशोत्सव सुरू झाला होता आणि बंदोबस्तात नवा वाद नको म्हणून ६ सप्टेंबरच्या विसर्जनापर्यंत थांबण्याचे ठरले. हा निर्णय तेव्हा शहाणपणाचा वाटला. पुढे काय वाढून ठेवले आहे, याचा अंदाज कोणालाच नव्हता.

अंमलबजावणी

उरलेल्या १४ कुत्र्यांची पशुवैद्यकाने काही दिवस पाहणी केली. अन्नाचे भांडे ओढून घेताना, अनोळखी माणूस जवळ येताना आणि दोरी गळ्यात पडताना कुत्रे कसे वागते, याची प्रत्येकाच्या नावे नोंद झाली. खरोखर अंगावर येणारी दोनच निघाली. बाकीची भेदरलेली होती किंवा निवांत होती, आणि पिंजऱ्यात दीड-दोन महिने काढलेल्या कुत्र्याचे भेदरणे हे पुष्कळदा आक्रमकपणासारखे दिसते, म्हणून ही पाहणी एका दिवसात उरकली नाही हे बरे झाले.

विसर्जनानंतर वस्तीच्या समाजमंदिरात बैठक झाली. पशुवैद्यकाने प्रत्येक कुत्र्याचा फोटो, कानाचा काप आणि लसीची तारीख असलेला तक्ता भिंतीवर लावला. पहिला अर्धा तास आरडाओरड झाली. मग मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, ‘कुत्रे धरून नेऊन काय करायलेत साहेब? ते कोंबडीचं घाण टाकायलेत रोज नालीत, ते आधी उचला की.’ सभेचा सूर तिथून बदलला. गल्लीतील दुकाने रात्री बंद होताना पिसे, आतडी आणि पाय नालीच्या कडेला टाकली जात आणि घंटागाडी येई दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर तो ढीग कुत्र्यांना मोकळा असे, आणि शिकवणीहून परतणारी मुले त्याच वाटेने येत.

सभेत देवाणघेवाण ठरली. दुकानांचा कचरा रात्रीच उचलण्यासाठी स्वतंत्र फेरी सुरू करायची, ती आठवडाभर नीट चालली की कुत्री दोन खेपांत सोडायची. क्रम महत्त्वाचा होता. आधी कचरा, मग कुत्री, हा आग्रह वस्तीने धरला आणि तो रास्त होता. नऊ कुत्री अशी परत गेली. पहिल्या खेपेच्या वेळी गाडीचे दार उघडताच एक तांबडी कुत्री थेट चहाच्या टपरीखाली जाऊन अंगाचे वेटोळे करून बसली आणि टपरीवाल्याने ‘आली का’ म्हणत तिच्यापुढे खारी टाकली. मोर्चाच्या निवेदनावर त्याचीही सही होती.

उरलेल्या तीन कुत्र्यांसाठी आखाड्यांचा, म्हणजे शेतातील राहत्या-राखणीच्या जागांचा विचार झाला. शेतातल्या आखाड्यावर राखणीला कुत्रे लागतेच आणि रानडुकरांच्या त्रासामुळे ती गरज वाढली आहे. आठवडी बाजारात, बैलबाजाराच्या कडेला केंद्राने टेबल मांडून नसबंदी व लस झालेली कुत्री देऊ केली. नेणाऱ्याकडून दरवर्षी लस टोचून घेण्याची आणि दिवसरात्र साखळीला न बांधण्याची हमी लिहून घेतली. तीनही कुत्री गेली. त्यांतले एक शिवार ओलांडून पुन्हा गल्लीत आले. वाढलेले कुत्रे आखाड्यावर रुळवायला वेळ लागतो, आणि पिल्ले दिली असती तर ती सहज रुळली असती, हे शेतकऱ्यांनीच सांगितले. पुढच्या बाजारांत केंद्राने हीच दुरुस्ती केली.

वस्तीतील कामे

या प्रकरणापूर्वी केंद्राचे लोकांमधले काम म्हणजे २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला शाळेत एक भाषण आणि एक फलक. आता त्याला थोडा आकार आला.

शाळांमध्ये मुलांना तीन गोष्टी करून दाखवण्यात आल्या: कुत्रे अंगावर आले तर न पळता हात अंगाशी घेऊन स्थिर उभे राहणे, खाणाऱ्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीपाशी न जाणे, आणि चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठणे. तिसऱ्या गोष्टीपाशी एका मुख्याध्यापिकेने अडवले. शाळेच्या नळाला पाणी असते कधी, की मुलांनी १५ मिनिटे जखम धुवावी? हळद, मिरची किंवा चुना लावू नका असे सांगणे सोपे आहे, पण पाणीच नसेल तर घरचे हळदच लावणार. त्यावर शाळेत तोटी बसवलेला एक झाकणाचा ड्रम फक्त एवढ्यासाठी भरून ठेवण्याचे ठरले आणि त्यावर साबण दोरीने बांधला गेला. या सगळ्या उपक्रमातील सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत उपयोगी वस्तू तीच ठरली असे माझे मत आहे.

दुसरे काम रुग्णालयाशी जोडून घेण्याचे. चाव्याच्या नोंदी रुग्णालयात होत्या आणि पकडण्याची गाडी तक्रारींच्या मागे धावत होती. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता. रुग्णाचे नाव वगळून केवळ चाव्याचे ठिकाण आणि तारीख दर आठवड्याला केंद्राकडे येऊ लागल्यावर असे दिसले की, ज्या भागातून तक्रारी जास्त येतात तिथे चावे जास्त होतातच असे नाही. ज्यांच्याकडे मुख्याधिकाऱ्यांचा नंबर आहे त्या वसाहतींतून तक्रारी येत होत्या, आणि चावे मोंढ्यामागच्या झोपडपट्टीत होत होते. गाडीचा आठवड्याचा मार्ग त्यानंतर बदलला.

रोज संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी कुत्र्यांना पोळ्या घालणाऱ्या एका काकूंना जागा बदलण्यासाठी मनवणे हे काम मात्र सर्वांत चिवट ठरले. नोटीस देऊन काही झाले नाही. पशुवैद्यकाने त्यांच्याच मदतीने, त्यांच्या हातच्या पोळीच्या आमिषाने, तेथील न सापडणाऱ्या तीन कुत्र्या नसबंदीसाठी पकडल्या, तेव्हा कुठे त्या शाळेमागच्या मोकळ्या जागेत खाऊ घालायला तयार झाल्या.

निष्पत्ती

अठरा कुत्र्यांपैकी चार दगावली, नऊ परत गेली, तीन आखाड्यांवर दिली गेली आणि दोन केंद्रात राहिली. कुत्री परत सोडल्यानंतर त्या गल्लीतून गंभीर चाव्याची नोंद झाली नाही. याचे श्रेय कुत्र्यांच्या वर्गवारीपेक्षा रात्रीच्या कचराफेरीला अधिक असावे.

निर्बीजीकरणाचे नुकसान मात्र भरून निघाले नाही. पिंजरे सप्टेंबरच्या मध्यात मोकळे झाले आणि लगोलग मराठवाड्यात अतिवृष्टी सुरू झाली. पुराच्या पाण्यात अडकलेली माणसे आणि वाहून गेलेली गुरे यांपुढे कुत्र्यांची नसबंदी मागे पडणे साहजिक होते. गाडी आणि कामगार मदतकार्याला लागले. विसर्जनापर्यंत थांबण्यात गेलेले दिवस तेव्हा खरे महाग पडले. कुत्री उचलल्याने रिकाम्या झालेल्या त्या तीनही वस्त्यांच्या कडेला दिवाळीनंतर नवी पिल्ले दिसू लागली, आणि त्यांच्या माद्यांपैकी एकीच्याही कानाला काप नव्हता. उचललेल्या ११ कुत्र्यांनी जी जागा धरून ठेवली होती तिथे बाहेरची कुत्री आली होती.

वेगळे काय करता आले असते

मोर्चा दारात असताना मुख्याधिकाऱ्यांनी काहीच न करणे शक्य नव्हते, आणि तसे सुचवणाऱ्याने त्या खुर्चीत एकदा बसून पाहावे. पण कुत्री उचलण्याचा आदेश काढताना ‘पुढील आदेशापर्यंत’ या शब्दांऐवजी ‘दहा दिवस निरीक्षणाखाली, त्यानंतर पशुवैद्यकाच्या अहवालानुसार’ एवढे लिहिले असते, तर लोकांचा रागही शमला असता आणि केंद्राला बाहेरची वाटही राहिली असती. निरीक्षणाच्या दहा दिवसांना वैद्यकीय आधार आहे, त्यामुळे तो कालावधी सभेत समजावूनही सांगता येतो.

कान कापलेली कुत्री आवकेच्या वेळीच वेगळी काढली असती, तर प्रश्न १८ कुत्र्यांचा न राहता सातांचा झाला असता. केंद्राने आता आवक नोंदवहीतच अपेक्षित सुटकेची तारीख आणि मार्ग असे दोन रकाने घातले आहेत आणि ते कोरे ठेवून पान पुढे उलटता येत नाही. मुदत ओलांडलेल्या कुत्र्यांची यादी दर सोमवारी मुख्याधिकाऱ्यांकडे जाते.

एकत्रित लसीचा खर्च मात्र अजूनही अंदाजपत्रकात नाही. पिंजऱ्यांमधील पत्रे खाली जमिनीपर्यंत आणून उतार बाहेरच्या नालीकडे काढण्याचे किरकोळ काम झाले, तेही चार कुत्री गेल्यावर.

नोव्हेंबरनंतर

७ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हटवून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि त्याच जागी परत न सोडण्याचा आदेश दिला. या आदेशाने केंद्राच्या हिशेबाची मुळे पुन्हा हलली, कारण आता काही कुत्र्यांचा मुक्काम सहा दिवसांचा राहणार नव्हता. एस.टी. स्थानक आणि उपजिल्हा रुग्णालय या दोनच आवारांतील कुत्री धरली तरी निम्मे पिंजरे भरतात. नगरपरिषद निवडणुकांची आचारसंहिता त्याच आठवड्यात लागू झालेली असल्यामुळे नव्या कामाची निविदा काढणे शक्य नव्हते.

केंद्राने तूर्त दोन गोष्टी केल्या. ३० पैकी आठ पिंजरे दीर्घ मुक्कामासाठी राखून बाकीच्या २२ ला हात न लावण्याचे ठरवले, आणि स्थानकाच्या व रुग्णालयाच्या प्रमुखांना आवाराची भिंत, फाटक आणि उपाहारगृहाचा कचरा यांविषयी लेखी कळवले, कारण भिंतीला भगदाड असताना कुत्री उचलली तर जागा पुन्हा भरते हे मटणाच्या गल्लीत दिसले होते. लगतच्या दोन नगरपरिषदांसोबत मिळून दीर्घ मुक्कामाच्या कुत्र्यांसाठी कचरा डेपोजवळ कुंपण घातलेले मोकळे आवार करण्याचा प्रस्ताव तयार आहे. त्यात पाण्याची जोडणी कोण देणार आणि एकत्रित लसीचा खर्च कोणाच्या लेखाशीर्षाखाली पडणार, हे दोन मुद्दे अनिर्णित आहेत आणि फाइल नव्या मंडळाच्या पहिल्या सभेसमोर जायची आहे.